ग्राउब्युंडेनच्या अर्थमंत्री

१६ मे २००४ रोजी स्वित्झर्लंडच्या मतदारांनी त्यांच्याच संसदेने मंजूर केलेली एक मोठी करकपात फेटाळून लावली. विवाहित जोडप्यांना आणि मुले असलेल्या कुटुंबांना सवलत, स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना सवलत, मुद्रांक शुल्कात सवलत, असा तो सगळा आकर्षक प्रस्ताव होता. तरीही जवळपास ६६ टक्के लोकांनी त्याला नकार दिला. किमान ८ कँटनांनी, म्हणजे राज्यांनी, एकत्र मागणी केली तर संघीय कायदा जनतेच्या मतासाठी ठेवावा लागतो, ही तरतूद स्विस राज्यघटनेत १८७४ पासून आहे. एवढ्या काळात ती प्रत्यक्षात कधीच आली नव्हती. या करकपातीविरुद्ध मात्र ११ कँटन उभे राहिले. त्यांचे म्हणणे सरळ होते: कर कमी केल्याचे श्रेय राजधानी बर्न घेणार आणि त्यातून पडणारे खड्डे भरण्याचे काम आमच्या तिजोऱ्यांवर येणार, हे आम्हांला मान्य नाही.

त्या काळात कँटनांच्या अर्थमंत्र्यांच्या परिषदेचे अध्यक्षपद ग्राउब्युंडेनच्या अर्थमंत्री एव्हलीन विडमर-श्लुम्फ यांच्याकडे होते, आणि या लढ्याच्या अग्रभागी त्या होत्या. त्यांचा स्वतःचा पक्ष, म्हणजे स्विस पीपल्स पार्टी, करकपातीच्या बाजूने होता. त्यांनी पक्षाची भूमिका बाजूला ठेवली आणि कँटनांची बाजू मांडली. पुढे साडेतीन वर्षांनी त्यांच्यावर पक्षद्रोहाचा आरोप झाला आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना प्रत्येक वेळी आधी २००४ कडे जावेसे वाटते, कारण पुढे जे घडले त्याचे मूळ तिथे स्पष्ट दिसते.

ग्राउब्युंडेन हा क्षेत्रफळाने स्वित्झर्लंडमधील सर्वांत मोठा कँटन आहे. सुमारे ७,१०० चौरस किलोमीटरच्या या डोंगराळ मुलखात दोन लाखांच्या आसपास माणसे राहतात. जर्मन, रोमान्श आणि इटालियन या तिन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा देणारा हा देशातील एकमेव कँटन आहे. दीडशे दऱ्यांचा प्रदेश अशी त्याची ओळख सांगितली जाते. अशा प्रदेशात सरकारचा खर्च दरडोई मोजला की तो नेहमीच जास्त भरतो, कारण घाटातला रस्ता त्या बाजूला शंभर घरे असोत वा दहा हजार, तेवढाच लांब बांधावा लागतो, आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फ तेवढाच काढावा लागतो. एखाद्या दरीतील शाळा चालू ठेवायची की बंद करायची, हा तिथे अर्थसंकल्पाचा प्रश्न असतो आणि त्याच वेळी त्या दरीतील भाषा टिकण्याचाही असतो. अशा ठिकाणी अर्थखाते सांभाळणाऱ्या व्यक्तीला आकड्यांमागचा भूगोल पाठ करावाच लागतो.

विडमर-श्लुम्फ यांचा जन्म १६ मार्च १९५६ रोजी झाला. कँटनची राजधानी कूर, आणि तिच्या जवळच ऱ्हाइन नदीच्या काठी, कालांडा पर्वताच्या पायथ्याशी असलेले फेल्सबर्ग हे त्यांचे गाव. त्यांचे वडील लिओन श्लुम्फ हे ग्राउब्युंडेनच्या सरकारात मंत्री होते, नंतर ते संसदेच्या वरच्या सभागृहात गेले आणि १९७९ मध्ये फेडरल कौन्सिलवर, म्हणजे सात जणांच्या संघीय मंत्रिमंडळावर, निवडून आले. १९८४ मध्ये ते देशाचे अध्यक्ष होते. त्यांच्या मुलीने कायद्याचे शिक्षण झुरिचला घेतले, वकिली आणि नोटरीचे काम केले, ट्रिन मंडळाच्या छोट्या न्यायालयात काम करत त्याचे अध्यक्षपदही सांभाळले, तीन मुले वाढवली. १९९४ मध्ये त्या कँटनच्या विधिमंडळात आल्या आणि १९९८ मध्ये पाच जणांच्या कँटन सरकारात निवडून आल्या. त्या सरकारातील त्या पहिल्या स्त्री. स्विस पुरुषांनी देशातील स्त्रियांना संघीय निवडणुकीत मताचा अधिकार देण्याचा कौल ७ फेब्रुवारी १९७१ रोजी दिला, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. म्हणजे त्यांच्या आईच्या पिढीने आयुष्याचा मोठा भाग मताविना काढला होता. या एका तपशिलाची मला राहून राहून आठवण होते, कारण सुस्थिर लोकशाहीचे उदाहरण म्हणून ज्या देशाकडे बोट दाखवले जाते, त्या देशात ही गोष्ट घडून अजून एक आयुष्यही पुरे झालेले नाही.

वडिलांचा पक्ष आणि मुलीचा पक्ष एकच होता, असे वरवर दिसते. पण या पक्षाचा इतिहास थोडा बारकाईने पाहावा लागतो. ग्राउब्युंडेन आणि ग्लारुस या कँटनांमध्ये पूर्वी डेमोक्रॅटिक पार्टी नावाचा मध्यममार्गी, सामाजिक जाणीव असलेला पक्ष होता. १९७१ मध्ये तो शेतकरी, व्यावसायिक आणि नागरिक यांच्या जुन्या पक्षात विलीन झाला आणि त्यातून स्विस पीपल्स पार्टी तयार झाली. लिओन श्लुम्फ मूळचे डेमोक्रॅट. नव्या पक्षात बर्न आणि ग्राउब्युंडेनमधील मंडळी सरकार चालवण्याच्या वृत्तीची होती, तर झुरिच शाखा १९७७ पासून ख्रिस्टोफ ब्लोखर यांच्या नेतृत्वाखाली वेगळ्या दिशेने निघाली. डिसेंबर १९९२ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रात सामील होण्याचा प्रस्ताव अगदी निसटत्या बहुमताने फेटाळला गेला आणि त्या विरोधाचा चेहरा ब्लोखर होते. परकीयांविषयीची कठोर भाषा, युरोपला विरोध आणि अथक प्रचार यांच्या जोरावर त्यांनी पक्षाला १९९१ मधील सुमारे १२ टक्क्यांवरून २००७ मध्ये जवळपास २९ टक्क्यांवर नेले. विजयाचे श्रेय झुरिचचे होते, त्यामुळे पक्षावर ताबाही झुरिचचा आला. ग्राउब्युंडेनची शाखा जिथे होती तिथेच राहिली, आणि तिच्या भोवतीचा पक्ष बदलून गेला.

ब्लोखर यांचा ग्राउब्युंडेनशी स्वतःचाही संबंध होता. त्यांच्या उद्योगाची वाढ ज्या ईएमएस रसायन कंपनीतून झाली, ती कंपनी डोमात-एम्स येथे आहे आणि डोमात-एम्स हे फेल्सबर्गच्या शेजारचेच गाव आहे. पुढच्या सगळ्या राष्ट्रीय नाट्याची दोन टोके ऱ्हाइनच्या एकाच खोऱ्यात इतकी जवळजवळ होती, हे नकाशावर पाहिले तेव्हा मी चकित झालो होतो.

२००३ मध्ये संसदेने ब्लोखर यांना फेडरल कौन्सिलवर निवडले आणि त्यासाठी रूथ मेट्झलर या विद्यमान मंत्र्यांना घरी बसवले. स्वित्झर्लंडमध्ये हे फार विरळ आहे. तिथे मंत्र्यांची निवड संसदेची दोन्ही सभागृहे एकत्र बसून गुप्त मतदानाने करतात आणि एकदा निवडून आलेला मंत्री स्वतः पद सोडेपर्यंत पुन्हा पुन्हा निवडून येतो, असा पायंडा आहे. सातही मंत्री समान दर्जाचे, अध्यक्षपद वर्षावर्षाने फिरते, आणि एकदा निर्णय झाला की विरोधात मत दिलेल्या मंत्र्यानेही बाहेर त्याच निर्णयाची बाजू मांडायची असते. ब्लोखर यांना ही शिस्त रुचली नाही. मंत्रिमंडळात बसून विरोधी पक्षनेत्याचे राजकारण करता येते, हे त्यांनी चार वर्षे दाखवून दिले.

१२ डिसेंबर २००७ रोजी संसदेने त्याचे उत्तर दिले. समाजवादी, हरित आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट सदस्यांनी ब्लोखर यांच्या जागी त्यांच्याच पक्षातील, उमेदवारी न मागितलेल्या विडमर-श्लुम्फ यांना मते दिली. दुसऱ्या फेरीत त्यांना १२५ आणि ब्लोखर यांना ११५ मते पडली. १८४८ पासूनच्या इतिहासात विद्यमान मंत्री नाकारला जाण्याची ही अवघी चौथी वेळ होती. विडमर-श्लुम्फ त्या वेळी सभागृहात नव्हत्या. कूरहून रेल्वेने त्या बर्नला आल्या, एका रात्रीची मुदत मागितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पद स्वीकारले. पक्षाने अगोदरच बजावले होते की असे पद स्वीकारणाऱ्याला संसदीय गटात स्थान मिळणार नाही. बाप आणि त्याचे अपत्य दोघेही फेडरल कौन्सिलवर, असे यापूर्वी फक्त रुफी घराण्यात घडले होते. पण वारशाच्या या योगायोगाकडे त्या दिवशी कोणाचे लक्ष असणार?

त्यांनी नकार द्यायला हवा होता का? या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे आणि एकाच बाजूला झुकणारे उत्तर मला देता येत नाही. ज्या पक्षाला मतदारांपैकी २९ टक्के लोकांनी कौल दिला, त्याने सरकारात कोणाला पाठवायचे हे विरोधकांनी ठरवावे, ही गोष्ट त्या पक्षाच्या कार्यकर्त्याला अपमानास्पद वाटली असेल तर ते समजण्यासारखे आहे. त्यांनी पक्षनेतृत्वाला अंधारात ठेवून आधीच संधान बांधले होते, असा आरोप पुढे एका दूरचित्रवाणी माहितीपटाच्या आधारे झाला आणि त्यांनी तो नाकारला. पण दुसऱ्या बाजूला राज्यघटना आहे, आणि तिच्या दृष्टीने मंत्री हा पक्षाचा प्रतिनिधी नसतो. संसद त्याला निवडते, आणि ती कोणाही पात्र नागरिकाला निवडू शकते. पक्षाने ठरवलेल्या माणसाशिवाय इतर कोणी निवडून आल्यास त्याने नाकारलेच पाहिजे, असा नियम झाला तर संसदेचे मतदान हा केवळ शिक्का मारण्याचा विधी उरतो. ही बाब मला अधिक वजनदार वाटते. शिवाय १९९८ पासून कँटनचे अर्थखाते सांभाळणाऱ्या आणि देशातील सर्व कँटनांच्या अर्थमंत्र्यांनी अध्यक्ष म्हणून स्वीकारलेल्या व्यक्तीला हे पद केवळ एका डावपेचाने मिळाले, असे म्हणणेही न्यायाचे नाही. डावपेचाने त्यांचे नाव पुढे आले, हे खरे. ते नाव पुढे करण्याजोगे झाले होते ते कूरमधील कामामुळे.

यानंतर जे घडले तो या कारकिर्दीतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. एप्रिल २००८ मध्ये पक्षाच्या केंद्रीय नेतृत्वाने त्यांना मंत्रिपद आणि पक्ष दोन्ही सोडण्यास सांगितले. त्यांनी ऐकले नाही. आता त्यांची हकालपट्टी करायची, तर ती केंद्राला करता येईना, कारण स्विस पक्षांची रचनाही देशासारखीच आहे: सदस्यत्व कँटनच्या शाखेचे असते, केंद्राचे नसते. म्हणून ग्राउब्युंडेन शाखेला फर्मान गेले की यांना काढा. शाखेने नकार दिला. मग १ जून २००८ रोजी केंद्राने अख्ख्या ग्राउब्युंडेन शाखेलाच पक्षाबाहेर काढले. एका व्यक्तीला काढता येत नाही म्हणून एका संपूर्ण कँटनमधील पक्ष, त्यात गावोगावचे सरपंच, विधिमंडळ सदस्य आणि साधे वर्गणीदार सभासद, सगळे बाहेर. बर्नच्या संसद भवनासमोरील चौकात त्याआधीच, ११ एप्रिलला, त्यांच्या समर्थनार्थ हजारो लोक, विशेषतः स्त्रिया, जमल्या होत्या. ती गर्दी महत्त्वाची होतीच. तरीही कूरमधील सभागृहात हात वर करून केंद्राला नाही म्हणणाऱ्या सामान्य सदस्यांविषयी मला अधिक आदर वाटतो. केंद्राशी भांडून त्यांना काही मिळणार नव्हते आणि देशातील सर्वांत मोठ्या पक्षाचे छत्र जाणार होते. महाराष्ट्रात आपण पक्ष फुटताना अनेकदा पाहिले आहेत, पण पक्षाच्या एका शाखेने आपल्या माणसाला काढण्यास नकार देऊन स्वतःला काढून घेतल्याचे उदाहरण माझ्या माहितीत नाही.

बाहेर पडलेल्यांनी ग्राउब्युंडेन, ग्लारुस आणि बर्न येथे नवा पक्ष उभारला आणि १ नोव्हेंबर २००८ रोजी ग्लारुसमध्ये त्याची राष्ट्रीय पातळीवर स्थापना झाली. त्याचे संक्षिप्त नाव बीडीपी. ग्राउब्युंडेन आणि ग्लारुस ही दोन नावे इथे पुन्हा यावीत हा योगायोग नाही. १९७१ मध्ये जे डेमोक्रॅट ज्या दारातून आत आले होते, त्यांचे वारसदार ३७ वर्षांनी त्याच दारातून बाहेर पडले होते.

संघीय मंत्री म्हणून पहिली तीन वर्षे त्यांच्याकडे न्याय आणि पोलीस खाते होते. त्या काळातला, चित्रपट दिग्दर्शक रोमान पोलान्स्की यांना अमेरिकेच्या हवाली न करण्याचा २०१० मधील निर्णय जगभर गाजला. त्याहून कठीण प्रसंग मात्र आधीच येऊन गेला होता. सप्टेंबर २००८ मध्ये अर्थमंत्री हान्स-रुडोल्फ मेर्त्स यांचे हृदय बंद पडून ते मृत्यूच्या दारात पोहोचले, आणि त्यांच्या अनुपस्थितीत अर्थखात्याची जबाबदारी विडमर-श्लुम्फ यांच्यावर आली. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतील बलाढ्य बँक कोसळून काहीच दिवस झाले होते. देशातील सर्वांत मोठी बँक यूबीएस बुडण्याच्या बेतात होती. १६ ऑक्टोबर २००८ रोजी सरकारने तिच्यात ६ अब्ज फ्रँक घालण्याचे जाहीर केले आणि तिच्याकडील बुडीत जाऊ शकणारी ६० अब्ज डॉलरपर्यंतची मालमत्ता राष्ट्रीय बँकेने, म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेने, उचलायची ठरले. मंत्रिमंडळात येऊन एक वर्षही न झालेल्या आणि पक्षाने बाहेर काढलेल्या मंत्र्यांनी हे प्रकरण सांभाळले. ग्राउब्युंडेनच्या खर्चाच्या तक्त्यांतून आलेली सवय इथे कामी आली असणार, असे मला वाटते: आधी नेमका आकडा, मग मत.

नोव्हेंबर २०१० मध्ये त्या पूर्णवेळ अर्थमंत्री झाल्या. त्याच वेळी सिमोनेट्टा सोमारुगा यांच्या आगमनाने सातांपैकी चार मंत्री स्त्रिया झाल्या आणि याच मंत्रिमंडळाने फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर मे २०११ मध्ये अणुऊर्जेतून टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याचे ठरवले. २०१२ मध्ये त्या देशाच्या अध्यक्ष होत्या. वर्षाच्या आरंभीच राष्ट्रीय बँकेचे प्रमुख फिलिप हिल्डेब्रांट यांना पत्नीच्या परकीय चलन व्यवहारावरून पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये लिओन श्लुम्फ यांचे निधन झाले.

अर्थमंत्री म्हणून त्यांचे खरे काम बँकांच्या गुप्ततेचे. १९३४ च्या बँक कायद्याने ग्राहकाची माहिती उघड करणे हा गुन्हा ठरवला होता आणि त्या गुप्ततेवर एका संपूर्ण व्यवसायाची इमारत उभी होती. मार्च २००८ मध्ये मेर्त्स यांनी संसदेत ठणकावले होते की या गुप्ततेवर हल्ला करणाऱ्यांचे दात तुटतील. वर्षभरात अमेरिकेने यूबीएसला ७८० दशलक्ष डॉलर भरायला लावले आणि ग्राहकांची नावे मागितली. विडमर-श्लुम्फ यांच्या हाती खाते आले तेव्हा भिंतीला तडे गेलेलेच होते. त्यांनी आधी एक मधला मार्ग मनापासून करून पाहिला: परदेशी खातेदाराचे नाव उघड न करता त्याच्या उत्पन्नावर कर कापून तो त्याच्या देशाला पाठवायचा. ब्रिटन आणि ऑस्ट्रियाने ते मान्य केले, पण जर्मनीच्या संसदेच्या वरच्या सभागृहाने २०१२ च्या अखेरीस तो करार अडवला. त्यानंतर लवकरच त्यांनी जाहीरपणे म्हटले की माहितीच्या स्वयंचलित देवाणघेवाणीची चर्चा आता करावीच लागेल. बँकर संतापले. २०१३ मध्ये अमेरिकेबरोबरचा तंटा मिटवण्यासाठी आणलेले त्यांचे विधेयक संसदेने नाकारले. १७४१ पासूनची वेगेलिन ही बँक त्याच वर्षी अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल करून इतिहासजमा झाली, आणि २०१४ मध्ये क्रेडिट स्विसला गुन्हा कबूल करून २.६ अब्ज डॉलर भरावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्वित्झर्लंड माहितीच्या स्वयंचलित देवाणघेवाणीच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाले.

त्यांनी बँकांचा घात केला, असे म्हणणारे स्वित्झर्लंडमध्ये आजही आहेत. मला ते पटत नाही. नैतिक मोहीम चालवण्याचा आव त्यांनी कधी आणला नाही. हिशेब जुळत नाही हे इतरांच्या आधी त्यांना दिसले आणि ते बोलून दाखवण्याची किंमत त्यांनी मोजली. मोठ्या बँका बुडू नयेत यासाठी त्यांच्या काळात २०११ मध्ये झालेल्या कायद्याबद्दल मात्र एवढे ठामपणे बोलता येत नाही. मार्च २०२३ मध्ये क्रेडिट स्विस कोसळली तेव्हा त्या कायद्यात आखलेला मार्ग न वापरता सरकारने आणीबाणीच्या अधिकारांनी ती यूबीएसच्या पदरात टाकली. भांडवलाच्या वाढीव अटींमुळे काही वेळ मिळाला असेल, पण ज्या क्षणासाठी ती तरतूद केली होती त्या क्षणी ती बाजूला ठेवली गेली, हे नमूद करायलाच हवे.

या सगळ्याचा एक धागा भारतापर्यंत येतो. स्विस बँकांतील काळ्या पैशावर आपल्याकडे निवडणुका लढवल्या गेल्या, आणि घोषणांच्या गदारोळात त्या देशातील कायदा कोण, कशासाठी आणि किती विरोध पत्करून बदलत होते, याची दखल फारशी कोणी घेतली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये स्वित्झर्लंडकडून भारताला स्वयंचलित पद्धतीने खात्यांच्या माहितीचा पहिला संच मिळाला. तोपर्यंत विडमर-श्लुम्फ मंत्रिपदावरून जाऊन साडेतीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता, पण त्यामागची चौकट बऱ्याच अंशी त्यांच्या कारकिर्दीत उभी राहिली होती.

२०११ मध्ये बीडीपीला ५.४ टक्के मते होती आणि तरीही संसदेने त्यांना पहिल्याच फेरीत १३१ मतांनी पुन्हा निवडले. पण सातांपैकी एक खुर्ची इतक्या लहान पक्षाकडे असणे ही विसंगती होतीच. १८ ऑक्टोबर २०१५ च्या निवडणुकीत स्विस पीपल्स पार्टीने २९.४ टक्के मते मिळवली, बीडीपी ४.१ टक्क्यांवर घसरली आणि ग्राउब्युंडेनमधून ब्लोखर यांची कन्या माग्दालेना मार्टुल्लो-ब्लोखर संसदेत निवडून आली. दहा दिवसांनी विडमर-श्लुम्फ यांनी पुन्हा उभे न राहण्याचे जाहीर केले. डिसेंबरमध्ये त्यांची जागा स्विस पीपल्स पार्टीच्या गी पार्मलँ यांनी घेतली. २००७ मध्ये पद स्वीकारण्याचा त्यांचा निर्णय मला जितका योग्य वाटतो, तितकाच २०१५ मध्ये ते सोडण्याचाही वाटतो. मतदारांनी दिलेला कौल त्यांनी आकड्यांत वाचला आणि तो आपल्या विरुद्ध असूनही मानला. २०१७ मध्ये त्या वृद्धांसाठी काम करणाऱ्या प्रो सेनेक्टूट या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. बीडीपी २०२१ च्या आरंभी ख्रिश्चन डेमोक्रॅटांशी एकत्र होऊन 'मध्य' या नावाच्या नव्या पक्षात विलीन झाली, आणि ग्राउब्युंडेनच्या जुन्या डेमोक्रॅटांचे वारसदार ५० वर्षांत दुसऱ्यांदा एका मोठ्या पक्षात गेले.